लॅब्रॅडॉरचं पिल्लू जिथून घेतलं त्या ब्रीडरचा रिव्ह्यू (लांबलचक आहे, आधीच सांगते)

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. पिल्लू उत्तम, ब्रीडर ताई त्याहून उत्तम, पण त्या वाट बघायला लावतात, मेसेजला उत्तर द्यायचा कंटाळा करतात आणि पिल्लू तुम्हाला निवडू देत नाहीत. पाचपैकी साडेचार स्टार. नाव देत नाहीये कारण त्यांच्याकडे वर्षाकाठी एखादंच लिटर, म्हणजे पिल्लांचं एखादंच वेत होतं, यादी आधीच भरलेली असते आणि त्यांनीच सांगितलंय की बाई गं, माझा नंबर वाटत फिरू नकोस. मग रिव्ह्यू कशाला लिहितेस म्हणाल तर यासाठी, की त्यांनी आपणहून जे जे दाखवलं ते बघितल्यावर बाकीचे लोक काय काय झाकत होते ते आमच्या डोक्यात शिरलं, आणि तुम्ही ज्या कोणाकडे पिल्लू बघायला जाल त्याला याच्याशी ताडून बघता येईल.

पहिला फोन. मला वाटलं होतं आपण विचारायचं आणि त्या सांगणार, झालं उलटंच. घरात दिवसभर कोण असतं, कुत्रं सलग किती तास एकटं राहणार, घर भाड्याचं आहे का, असेल तर मालकाला विचारलंय का, जिने किती चढायचे, आधी कुत्रं पाळलं होतं का, ते किती वर्षांचं होऊन गेलं आणि कशानं गेलं, लॅबच का हवा, त्याचे केस वर्षभर गळतात आणि ते काळ्या कपड्यांवरून निघत नाहीत हे माहितीये का. माझा नवरा स्पीकरवर ऐकत होता, तो फोन ठेवल्यावर म्हणाला अगं ही पिल्लू देतीये का नोकरी. पण मला ते आवडलं खरं सांगू का, कारण त्याआधी ज्यांच्याशी बोललो होतो त्यांचे प्रश्न दोनच असायचे, ॲडव्हान्स कधी पाठवताय आणि कधी नेताय. ताईंनी तर उलट आम्हाला घाबरवलंच, म्हणे लॅब म्हणजे शांत कुत्रा हा गैरसमज डोक्यातून काढा, तो शांत होतो पण दोन-तीन वर्षांनी, तोवर चपला, रिमोट, सोफ्याचा कोपरा सगळं त्याचंच असतं, आणि तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर असाल तर मी पिल्लू देणार नाही, मोठं झालेलं कुत्रं दत्तक घ्या. आम्ही दोघांनी घरून काम कसं वाटून घेतलंय ते समजावून सांगितलं तेव्हा कुठे त्या म्हणाल्या बरं या एकदा.

आणि पहिल्यांदा गेलो तेव्हा पिल्लं नव्हतीच. अजून मादी हीटवरही, म्हणजे माजावरही, आलेली नव्हती. लेक हिरमुसली, पण ताईंचं म्हणणं सरळ होतं, पिल्लं समोर असली की माणसाची अक्कल गहाण पडते, त्यामुळे आधी मोठी कुत्री बघा, आई कशी आहे ते बघा, तुम्हाला ती आवडली तर पुढचं बोलू. खाण तशी माती. त्यांच्या घरातली मोठी कुत्री घरातच राहत होती, सोफ्याखाली, दारात, एक म्हातारी मादी स्वयंपाकघरात मधोमध पसरलेली आणि सगळे तिला ओलांडून जातायत. ती ब्रीडिंगमधून कधीच रिटायर झालेली, पण ती तिथेच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कारण आणखी एका ठिकाणी मी विचारलं होतं की या माद्या वयस्कर झाल्यावर कुठे जातात, तर तो माणूस हसून म्हणाला "देतो कोणाला तरी".

आमच्या पिल्लाची आई, तिला राणी म्हणूया, दारात आली, आम्हाला हुंगलं, शेपटी हलवली, लेकीच्या हातातली पिशवी तपासली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. ना अंगावर उड्या, ना कोपऱ्यात लपणं. एवढंच बघायचं असतं खरंतर. आई भित्री असेल, पाहुण्यांवर गुरगुरत असेल आणि ब्रीडर म्हणत असेल "पिल्लांमुळे चिडचिडी झालीये हो, एरवी गरीब आहे", तर ती एरवी कशी असते ते पिल्लं नसताना जाऊन बघता आलं पाहिजे. भित्रेपणा बऱ्यापैकी रक्तातून येतो आणि उरलेला पहिल्या काही आठवड्यांत आईकडे बघून पिल्लं शिकतात, म्हणजे दोन्हीकडून आईच.

हे आई बघायचं प्रकरण लोकांना अति वाटतं म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये यासाठी कायदाच केलाय, लूसीज लॉ म्हणतात, ६ एप्रिल २०२० पासून लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तिथे दुकानदाराला किंवा मधल्या दलालाला विकता येत नाही, थेट ब्रीडरकडून घ्यायचं, ते जिथे जन्मलं तिथे आणि आईसोबत बघून, नाहीतर शेल्टरमधून. लूसी ही वेल्समधल्या एका पपी फार्मवरून, म्हणजे पिल्लांच्या कारखान्यातून, सोडवलेली कॅव्हेलिअर जातीची मादी होती, वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवून पिल्लं काढून काढून तिच्या कमरेची वाट लागलेली होती. आता कायदा आला की पळवाट येतेच, काही जण भलतीच मादी आई म्हणून शेजारी बसवतात. ते ओळखायचं कसं तर नुकत्याच व्यायलेल्या मादीचं पोट बघायचं.

कारण आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पिल्लं पाच आठवड्यांची होती आणि राणी अक्षरशः ओळखू येत नव्हती. सड लोंबलेले, त्यांच्याभोवती पिल्लांच्या नखांचे बारीक लाल ओरखडे, पाठीवरचे केस विरळ झालेले, कंबर आत गेलेली. मी जरा दचकलेच, तर ताई म्हणाल्या अगं सगळ्यांचं असंच होतं, पिल्लांचं दूध तुटलं की दोन-तीन महिन्यांत अंगावरचे केस परत येतात, जी मादी पिल्लांशेजारी बसून शॅम्पूच्या जाहिरातीतल्यासारखी चमकतीये तिच्यावर संशय घ्यायचा. पिल्लांच्या कुंपणात एक उंच फळी ठोकली होती, राणीला कंटाळा आला की ती उडी मारून वर जाऊन बसायची आणि खाली सातही पिल्लं तोंड वर करून बोंबलायची. ही फळी मी दुसरीकडे कुठेच बघितली नाही. बाकी ठिकाणी आई एक तर पिल्लांसोबत कोंडलेली, नाहीतर "फिरायला नेलीये" म्हणून गायब.

कुंपण घराच्या मधल्या खोलीत होतं. टीव्ही चालू, मिक्सर चालू, कोणीतरी भांडं पाडतंय, पिल्लं एकदा मान वर करतात आणि परत झोपतात. जमिनीवर एका बाजूला रबरी मॅट, एका बाजूला टाईल, एक कोपरा गवताच्या तुकड्यांचा, एक फळी जी पाय ठेवला की डुगडुगते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नवीन गोष्टी "हे चालतंय" या खात्यात टाकायला तयार असतो, नंतर ती खिडकी बंद होत जाते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ पिल्लू ब्रीडरकडेच असतं. म्हणजे मागच्या अंगणातल्या शेडमध्ये सिमेंटवर वाढलेलं पिल्लू आठव्या आठवड्याला तुमच्या घरी आलं की पंख्याला, कुकरच्या शिट्टीला, छत्रीला घाबरणार आणि तुम्ही म्हणणार कुत्रंच भित्रं निघालं. आणि वास घ्या हो, नाक घेऊन जा. सात पिल्लं असलेल्या खोलीत थोडा वास येणारच, पण शू-शी एका कोपऱ्यात आणि झोपायची जागा कोरडी असा हिशोब दिसला पाहिजे.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण मी याच्यावरच जास्त लिहिणार कारण खरी मेख इथे आहे.

ताईंनी दोन फायली टेबलावर ठेवल्या, एक राणीची, एक नराची. नर त्यांचा नव्हता, दुसऱ्या ब्रीडरचा होता, आणि हीसुद्धा चांगलीच खूण आहे बरं का, कारण ज्याच्या घरात नर-मादीची एक जोडी आहे आणि दर वेळी तीच जोडी जुळवतो त्याने जोडी विचार करून निवडलेली नसते, सोयीची म्हणून वापरलेली असते. फाईलमध्ये पहिलं पान हिपच्या एक्स-रेचं. हिप डिस्प्लेसिया म्हणजे खुब्याच्या सांध्यातला गोळा खोबणीत नीट बसत नाही, सैल राहतो, घासतो, आणि पुढे संधिवात, लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन, रॉटवायलर अशा मोठ्या ब्रीडमध्ये हे फार. याची डीएनए टेस्ट करून हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही कारण खूप जीन्स मिळून तो प्रकार होतो, त्यामुळे आईवडिलांचे एक्स-रे काढून तज्ज्ञांकडून ग्रेड करून घेणं हाच मार्ग. अमेरिकेत ओएफए म्हणून संस्था आहे, १९६६ पासून हेच करते, त्यांचा पक्का ग्रेड कुत्रं २४ महिन्यांचं झाल्याशिवाय मिळत नाही, एक्सलंट, गुड, फेअर हे पास आणि बॉर्डरलाइनपासून पुढे नको. ब्रिटनमध्ये आकडा देतात, एका खुब्याला ० ते ५३, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, जितका कमी तितका चांगला. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या देशांत ए ते ई, ए सगळ्यात चांगला. तर तुम्हाला ब्रीडरने "हिप एकदम चांगले आहेत, बघा कसा पळतो" असं सांगितलं तर हसून सोडून द्या, डिस्प्लेसिया असलेलं तरुण कुत्रंही मस्त पळतं. ग्रेड विचारा, आणि आईचं वय विचारा. आई दीड वर्षाची आहे आणि हे तिचं दुसरं लिटर आहे असं कळलं तर पुढचं काही विचारायची गरजच नाही, गणित तिथेच कळतं.

एल्बोचा, म्हणजे पुढच्या पायाच्या कोपराचा, ग्रेड वेगळा असतो, तो ० हवा. डोळ्यांची तपासणी वेगळी, ती डोळ्यांच्या स्पेशालिस्ट वेटकडून आणि दर वर्षी, कारण काही आजार उशिरा दिसतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलं असेल तर त्याचा उपयोग भिंतीलाच. आणि हो, एक बारीक गोष्ट ताईंनी दाखवली, एक्स-रेच्या रिपोर्टवर कुत्र्याचा मायक्रोचिप नंबर असतो, पंधरा आकडी. त्यांनी स्कॅनर आणून राणीच्या मानेवरून फिरवला आणि म्हणाल्या जुळवून बघ. मी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचा रिपोर्ट खपवलेला नाही हे कळायला याच्याएवढं सोपं काही नाही, आणि ज्याला काही लपवायचं नाही त्याला याचा राग येत नाही.

मग डीएनएचं पान, आणि इथे ताईंनी मला जिंकलं. लॅबमध्ये ज्या टेस्ट करतात त्यात पीआरए असतो, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, आधी अंधारात दिसेनासं होतं मग पूर्ण आंधळं, आणि ईआयसी असतो, म्हणजे धडधाकट कुत्रं पाच-दहा मिनिटं जोरात पळालं की मागचे पाय लटपटून कोसळतं. ताई म्हणाल्या, राणी ईआयसी कॅरिअर आहे. आपणहून. आम्ही विचारलंही नव्हतं. माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर चौकट काढून समजावलं, की हा आजार व्हायला खराब कॉपी आई आणि बाप दोघांकडूनही यावी लागते, राणीकडे एक चांगली एक खराब म्हणून तिला स्वतःला काही त्रास नाही, नर क्लिअर आहे म्हणजे त्याच्याकडून चांगलीच कॉपी येणार, त्यामुळे पिल्लं एक तर क्लिअर निघतील नाहीतर आईसारखी कॅरिअर, आजारी एकही नाही. नर पण कॅरिअर असता तर प्रत्येक पिल्लाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, आणि टेस्ट न करता जोड्या लावणाऱ्यांकडे नेमकं हेच होतं. मी विचारलं मग कॅरिअर मादी वापरताच कशाला, तर म्हणाल्या स्वभाव उत्तम, हिप उत्तम, एका जीनसाठी सगळंच फेकून दिलं तर ब्रीडमध्ये आधीच आटलेलं रक्त आणखी आटतं, फक्त जोडीदार क्लिअर हवा आणि घेणाऱ्याला सांगायला हवं. आजवर ज्या ब्रीडरांशी बोललो त्यातल्या प्रत्येकाच्या लाईनमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या घराण्यात, "आजपर्यंत एकही प्रॉब्लेम नाही". कोणत्याही लाईनमध्ये काही ना काही असतंच, ज्याने टेस्टच केली नाही त्याला सापडणार तरी कसं.

रक्त आटण्यावरून आठवलं, पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा, कागद वाचायलाही त्यांनी शिकवलं. एकच नाव आईकडूनही आणि बापाकडूनही येतंय का बघायचं. याला इनब्रीडिंगचा आकडा असतो, सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर पिल्लांचा २५ टक्के, सावत्र भावंडांची १२.५, चुलत भावंडांची ६.२५, आणि हे पूर्वजांमधली आधीची नाती न मोजता. आकडा जितका खाली तितकं बरं. लोक चॅम्पियन पूर्वजांची लाल शाईतली पाच नावं बघून खूश होतात पण पाचही ठिकाणी एकाच नराचं नाव असेल तर त्यात खूश होण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

आणि एक, रजिस्ट्रेशनचा कागद म्हणजे तब्येतीची हमी नव्हे. तो फक्त सांगतो की हे पिल्लू अमक्या नर-मादीचं आहे असं ब्रीडरने कळवलंय. "पेपरवालं पिल्लू" आणि "बिनपेपरचं पिल्लू" असे दोन भाव सांगणारे जे असतात ना, त्यांच्याकडून उठून यावं, कारण कागद हवा तर जास्त पैसे याचा अर्थ कागद त्यांच्या लेखी शोभेची वस्तू आहे. तसंच "वेटने चेक केलंय" हे वाक्य. वेटने पिल्लाचं हृदय ऐकलं, टाळू बघितली, हर्निया बघितला, छान, करायलाच हवं. पण आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या खुब्यात दोन वर्षांनी काय होणार ते वेटला पिल्लाकडे बघून दिसत नाही, ते आईबापाच्या फायलीतच दिसतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, नाव न घेता. एक जण पिल्लू रस्त्यात अर्ध्या वाटेवर आणून देतो म्हणाला, "तुम्हाला एवढ्या लांब कशाला त्रास". एकाकडे सहा प्रकारच्या ब्रीड एकाच वेळी तयार, कधीही या, काहीही मिळेल. एक बाई पाच आठवड्यांचं पिल्लू लगेच न्या म्हणत होत्या, लहानपणी नेलं की लळा लागतो म्हणे, अहो लळा आठव्या आठवड्यालाही लागतो, पण भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ बंद होतो हे ते पाच ते आठ याच आठवड्यांत शिकतं, लवकर नेलं तर ते मग तुमच्या हातांवर शिकतं. आणि एक महाशय "सिल्व्हर लॅब, अति दुर्मिळ" म्हणून दुप्पट मागत होते. लॅबच्या स्टँडर्डमध्ये रंग तीनच, काळा, पिवळा आणि चॉकलेट. सिल्व्हर म्हणजे रंग पातळ करणाऱ्या जीनमुळे फिकट पडलेला चॉकलेट, आणि त्या जीनसोबत काही कुत्र्यांना केस झडण्याचा, त्वचेचा त्रास येतो. रंगासाठी जास्त पैसे मागणाऱ्याने बाकी कशावर लक्ष दिलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मर्ल नावाच्या रंगात तर हे आणखी वाईट, ठिपकेवाला मर्ल छान दिसतो म्हणून दोन मर्लची जोडी लावतात आणि ज्या पिल्लात दोन्हीकडून तो जीन येतो ते बहिरं नाहीतर आंधळं निघायची भीती मोठी, कधी दोन्ही.

लॅब सोडून दुसरं काही घेणार असाल तर टेस्टची यादी बदलते, आधी ब्रीडचा क्लब काय सांगतो ते वाचा. कॅव्हेलिअर असेल तर हृदयाची झडप आणि मेंदूच्या मागच्या भागाचा एमआरआय, डालमेशियन असेल तर पिल्लांना ऐकू येतं का ते बघणारी बेअर टेस्ट, पग-फ्रेंच बुलडॉग असेल तर आईबापाला चालवून त्यांचा श्वास ऐका, झोपेत घोरणं गोड वाटतं पण ते जागेपणी उभं राहूनही घोरत असेल तर त्याला हवा पुरत नाहीये.

आता पिल्लू निवडण्याचा किस्सा. आम्ही गेलो की एक पिवळं पिल्लू धावत यायचं, बुटाची लेस धरायचं आणि सोडायचंच नाही, लेकीने त्याचं नावही ठरवून टाकलं होतं. ताईंनी सातव्या आठवड्यानंतर फोन केला आणि म्हणाल्या ते तुमच्यासाठी नाही. ते सातातलं सगळ्यात हट्टी आणि सगळ्यात न दमणारं, ते एका कुत्र्यांच्या ट्रेनिंगचं काम करणाऱ्या मुलाकडे जाणार, तुम्हाला हिरव्या पट्ट्यावाला. हिरव्या पट्ट्यावाला म्हणजे जो आम्ही गेलो की मागे उभा राहून दोन मिनिटं बघायचा आणि मग यायचा. लेक रडली, नवरा म्हणाला पैसे आपण देतोय ना. मी ताईंना तसं विचारलंसुद्धा, तर त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही त्यांना तासभर बघितलंय, मी दिवसरात्र बघतीये, पटत नसेल तर ॲडव्हान्स परत घ्या. हा हेका काही जणांना खपणार नाही, आम्हालाही त्या दिवशी खपला नव्हता. आज हिरव्या पट्ट्यावाला माझ्या पायाशी पसरलाय आणि तो बुटाच्या लेसवाला, ताईंनी व्हिडिओ पाठवला होता, त्या मुलाच्या घराचा दरवाजा स्वतः उघडून बाहेर जातो.

करार दोन पानांचा आहे आणि वाचूनच सही करा असं सांगतात. त्यातलं मुख्य कलम, कुत्रं कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने सांभाळता आलं नाही तर आधी त्यांना कळवायचं, त्या परत घेतील, परस्पर कोणाला द्यायचं किंवा विकायचं नाही. दुसरं, हिप, एल्बो, डोळे यांची टेस्ट झाल्याशिवाय त्याच्यापासून पिल्लं काढायची नाहीत. तिसरं हमीचं, आणि इथे नीट बघा, बऱ्याच ब्रीडरांच्या करारात असतं की जन्मजात आजार निघाला तर कुत्रं परत आणा, बदली पिल्लू देऊ. वाचायला छान वाटतं, पण वर्षभर घरात राहिलेलं कुत्रं कोण परत नेऊन देतं, त्यांनाही ते माहीत असतं, म्हणून तर लिहितात. ताईंच्या करारात कुत्रं तुमच्याकडेच राहतं आणि त्या ठरलेली रक्कम परत देतात.

अर्धा स्टार कशाचा कापला ते पण सांगते नाहीतर पेड रिव्ह्यू वाटेल. एक म्हणजे वाट. राणी हीटवर उशिरा आली, मग ६३ दिवस गाभण, मग आठ आठवडे, आणि या सगळ्यात त्या आपणहून काही कळवत नाहीत, मी मेसेज टाकायची, दोन निळ्या टिका दिसायच्या आणि चार दिवसांनी उत्तर यायचं "सगळं ठीक". फोटोंचं तर विचारूच नका, सात पिल्लांचे मिळून दोन हललेले फोटो. अहो पैसे दिलेल्या माणसाला जीव असतो. दुसरं, "शू-शीचं ट्रेनिंग सुरू झालंय" असं त्यांनी सांगितलं होतं, ते त्यांच्या घरात झालं असेल, आमच्या घरातल्या गालिच्याला त्याची खबर मिळालेली नव्हती. तिसरं, कान फाईलमध्ये स्वच्छ लिहिलेले आणि घरी आल्यावर आमच्या वेटला एका कानात बराच मळ सापडला, इन्फेक्शन नव्हतं पण बघायला हवं होतं. ताईंना सांगितलं तर सॉरी म्हणाल्या, आणि बाकीच्या सहाही घरांना लगेच फोन करून कान बघून घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे उत्तर देता येतं त्यांना, मनात आलं की.

घरी नेताना मिळालं ते असं: लसीचं कार्ड, पहिला डोस झालेला आणि पुढच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या, आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पहिल्या लसींना नीट लागू देत नाही म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत डोस चुकवायचे नाहीत हे तीनदा बजावलं. डीवर्मिंगचा, म्हणजे जंताच्या औषधाचा, तक्ता, दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. दोन्ही फायलींच्या झेरॉक्स. ते खात होतं तेच खाणं दहा दिवस पुरेल इतकं, आणि बदलायचं असेल तर हळूहळू मिसळत. राणीच्या अंथरुणाचा एक फडका. पहिल्या रात्री तो त्या फडक्यात तोंड खुपसून झोपला, रडला फक्त दोनदा.

खाण्यावरून ताईंचं लेक्चर वेगळंच. लॅबमध्ये भूक न भागण्याचा एक जीन-दोष असतो, २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शोधला, साधारण चारात एका लॅबमध्ये सापडतो, त्यामुळे "बिचारा उपाशी बघतोय" हे नाटक मनावर घ्यायचं नाही. ४८ लॅबवर त्यांच्या आयुष्यभर केलेला एक अभ्यास आहे, निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखी उशिरा आली. हिप कितीही चांगल्या आईबापाचं असलं तरी पिल्लू गुबगुबीत केलंत तर माझ्या एक्स-रेंचा काय उपयोग, हे त्यांचं वाक्य. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसायला नकोत. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो वाळलाय हो, आम्ही मान डोलावतो आणि वाटी मोजूनच भरतो.

सध्या त्याचे दुधाचे दात पडतायत, सोफ्याच्या फटीत एक सापडला, लेकीने डबीत ठेवलाय. ताईंना फोटो पाठवला, तर चक्क तासाभरात उत्तर आलं, "वरचे सुळे दुहेरी दिसतायत का बघ, जुना पडला नाही तर वेटला दाखव". वाढ पूर्ण झाली की सातही घरांनी हिपचे एक्स-रे काढून ग्रेड त्यांना कळवायचे असं ठरलंय, खर्च त्या अर्धा देणार, कारण राणीला पुन्हा वापरायचं की नाही ते त्यावर ठरणार. आमच्याचा ग्रेड आला की चांगला असो की वाईट, इथे खाली टाकते, आणि स्टार बदलायचे असतील तर तेव्हा बदलेन.